नदीला पाणी म्हणणारी आई

प्रश्न : एका मुलीचं पत्र आलं आहे. तिच्या 63 वर्षांच्या आईला दहा महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. चालणं बरंच सुधारलं, उजवा हात अजून अशक्त आहे. बोलणं सुरुवातीला पूर्ण गेलं होतं. आता दोन-तीन शब्दांची वाक्यं येतात आणि समोरचा सावकाश बोलला तर समजतं. आई आयुष्यभर वाचत आलेली. स्ट्रोकनंतरही ती रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसायची, पानं उलटायची, त्यामुळे वाचन शाबूत आहे असंच घरच्यांनी धरलं. एका नातेवाइकांचं पत्र तिच्या हातात दिलं तेव्हा ते तिला वाचता येत नाही हे लक्षात आलं. मग मुलीने लहान मुलांची अंकलिपी आणली आणि रोज संध्याकाळी तासभर 'अ'पासून घोटून घ्यायला सुरुवात केली. काही दिवस आईने निमूटपणे केलं, नंतर पुस्तक ढकलून दिलं आणि रडली. नुसता शब्द लिहिलेल्या एका कार्डावर 'नदी' होतं, तिथे ती 'पाणी' म्हणाली. 'नीट बघ' म्हटल्यावर पुन्हा 'पाणी'च. सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, असं घरच्यांना सांगण्यात आलं आहे. भाऊ म्हणतो, तिला छळू नकोस, पुस्तकं ऐकायला लाव. मुलगी विचारते, 'आई हट्ट करते आहे की तिची समजच कमी झाली आहे? मी नेटाने शिकवत राहू की सोडून देऊ?'

उत्तर :

आधी त्या कार्डाबद्दल बोलू या. तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तिथे आहे आणि तुम्ही ती चुकांच्या यादीत टाकली आहे. 'नदी' आणि 'पाणी' या शब्दांत शेवटची वेलांटी सोडली तर दिसण्यात किंवा ऐकण्यात सारखं काही नाही. सारखेपणा आहे तो अर्थात. म्हणजे आईंनी तो शब्द पाहिला, त्याच्या अर्थाच्या अगदी जवळ पोचल्या आणि बोलताना शेजारचा शब्द बाहेर आला. ज्याला शब्द मुळीच वाचता येत नाही त्याच्या तोंडून 'पाणी' येणार नाही. तो गप्प राहील किंवा भलतंच काही म्हणेल. आणि दुसऱ्यांदाही त्या 'पाणी'च म्हणाल्या. दोन्ही वेळा त्या त्याच अर्थापाशी पोचल्या, हे मी तरी हट्टाचं लक्षण मानणार नाही.

अशा चुकांचा अभ्यास बराच जुना आहे. 1966 मध्ये जॉन मार्शल आणि फ्रेडा न्यूकम या संशोधकांनी डोक्याला इजा झालेल्या एका माजी सैनिकाच्या वाचनाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो लिहिलेल्या शब्दाऐवजी त्याच्या अर्थाशी नातं असलेला दुसराच शब्द वाचायचा. पुढे अशा वाचनाला 'डीप डिस्लेक्सिया' हे नाव मिळालं. त्याची खूण अशी, की डोळ्यांसमोर उभं राहणारं काही सांगणारे शब्द, म्हणजे झाड, खुर्ची, पाऊस, त्यातल्या त्यात वाचता येतात. 'न्याय', 'कारण', 'शक्यता' असे शब्द जड जातात. 'पण', 'तर', 'म्हणून' हे इवलेसे शब्द तर त्याहूनही जड जातात. आणि अर्थ नसलेली नुसती अक्षरं उच्चारणं जवळजवळ अशक्य होतं.

हे का होतं ते समजलं की अंकलिपी का ढकलली गेली तेही समजेल. वाचताना मेंदूपुढे दोन वाटा असतात असं मानलं जातं. एक वाट अक्षरांकडून उच्चाराकडे जाते. 'न' ओळखायचा, 'द'ला वेलांटी लावायची, आवाज जोडायचे आणि शब्द तयार करायचा. दुसरी वाट शब्दाच्या एकूण रूपावरून थेट अर्थाकडे जाते. लहान मूल पहिल्या वाटेने शिकतं. सराईत वाचक ओळखीच्या शब्दांसाठी मुख्यतः दुसरी वापरतो, त्याला अक्षरं जुळवत बसावं लागत नाही. आईंच्या 'पाणी'वरून दिसतं ते असं, की त्यांची दुसरी वाट खडबडीत झाली आहे पण चालू आहे, आणि पहिली जवळपास बंद आहे. अंकलिपी म्हणजे निव्वळ पहिली वाट. रोज तासभर तुम्ही त्यांना नेमक्या त्याच बाजूने चालायला लावत होता जिथे पाय ठेवायला जागा नाही.

तुमचा हेतू अत्यंत प्रेमाचा होता, त्याबद्दल मनात काही धरू नका. अक्षर आलं की शब्द येतो, शब्द आला की वाक्य येतं, असंच आपण सगळे मानतो, कारण आपण तसेच शिकलो. पण तुमच्या आई पहिलीत गेलेल्या नाहीत. त्या पन्नासेक वर्षं वाचलेल्या, हजारो शब्द डोळ्यांना ओळखीचे असलेल्या प्रौढ वाचक आहेत. त्यांचं शिकणं झालेलं आहे. शिकलेल्या गोष्टीपर्यंत पोचण्यात अडथळा आला आहे. म्हणून वाचन परत आणायचं तर अर्थाकडून, ओळखीच्या शब्दांकडून आणि त्यांना ज्यात रस आहे त्या मजकुराकडून सुरुवात करा. अक्षरांची पाळी नंतर येईल, तीही गरज पडली तरच.

समज कमी झाली आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न. वाचाघातात, म्हणजे अफेझियात, भाषेची यंत्रणा बिघडते. माणसाची बुद्धी, त्याचा अनुभव, त्याची माणसं ओळखण्याची ताकद, त्याची आवडनिवड हे त्याबरोबर जात नाही. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला सुरुवातीला वाचाघात असतो, आणि त्यांतल्या अनेकांचं वाचन आणि लेखनही बिघडतं. बोलण्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं कारण ते ऐकू येतं. वाचन गेलं की ते कोणाला दिसत नाही, तुमच्या घरी झालं तसं महिनोन्‌महिने झाकलेलं राहतं.

त्या सकाळच्या वर्तमानपत्राला कृपा करून सोंग समजू नका. फोटो, मथळ्यातला एखादा ओळखीचा शब्द, तारीख, माणसांची नावं, यांतून त्या बरंच काही मिळवत असतील. शिवाय पेपर हातात घेऊन बसणारी बाई ही त्यांची स्वतःची ओळख आहे. ती सवय मोडू देऊ नका. उलट तिचा उपयोग करता येईल, ते पुढे सांगते.

आता त्या सहा महिन्यांबद्दल. सुरुवातीचे काही आठवडे आणि पहिले तीनेक महिने सुधारणा सर्वांत वेगाने होते, हे खरं आहे. त्यावरून 'नंतर काही होत नाही' असा निष्कर्ष काढला जातो, तो मात्र खरा नाही. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या सगळ्या रुग्णांना स्ट्रोक होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. आठवड्याला किमान 10 तास, असे तीन आठवडे भाषेचे उपचार दिल्यावर त्यांचा रोजच्या व्यवहारातला संवाद सुधारला. उपचारांसाठी थांबलेल्या रुग्णांमध्ये तसा बदल झाला नाही. ही चाचणी बोलण्यावर होती, वाचनावर नव्हती, हे मुद्दाम सांगते. पण सहा महिन्यांनंतर दार बंद होतं ही समजूत तिच्यापुढे टिकत नाही. वाचनाच्या उपचारांचे जे अभ्यास आहेत त्यांतलेही कित्येक रुग्ण स्ट्रोकला वर्ष, दोन वर्षं, त्याहून जास्त काळ उलटून गेलेले होते. आई पूर्वीसारख्या झरझर कादंबऱ्या वाचतील असं वचन मी देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही. दहा महिने झाले म्हणून प्रयत्न थांबवायचं कारण नाही, एवढं नक्की सांगते.

मी एका कार्डावरून इतकं बोलले, पण एका शब्दावर निदान होत नाही. वाचाघातावर काम करणारे स्पीच थेरपिस्ट गाठा आणि त्यांना स्पष्ट सांगा की आम्हाला वाचनाची स्वतंत्र तपासणी हवी आहे. हे मागावं लागतं, कारण बरेचदा सगळा वेळ बोलण्याच्या उपचारांत जातो. जाताना 'नदी-पाणी'सारख्या चुका जशाच्या तशा लिहून न्या. बरोबर आलेल्या उत्तरांपेक्षा त्यांना या चुकांतून जास्त कळतं.

त्याआधी डोळे तपासून घ्या. हे फार साधं वाटतं म्हणून राहून जातं. चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तर पाहाच, पण मुख्य म्हणजे दृष्टिक्षेत्र तपासायला सांगा. मेंदूच्या डाव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा उजवा भाग जाऊ शकतो. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे जो भाग पुढे वाचायचा तोच दिसत नाही. शब्दांची शेवटची अक्षरं किंवा ओळींची टोकं सुटत असतील, तर भाषेइतकाच हाही दोष असू शकतो. अशा वेळी मजकुराच्या उजव्या कडेला ठळक रंगाची उभी रेघ ओढा आणि ती दिसेपर्यंत प्रत्येक ओळ वाचायची सवय लावा. काहींना पान आडवं धरून, ओळी वरून खाली येतील असं वाचणं सोपं जातं. उजवीकडून डावीकडे सरकत जाणारा मजकूर वाचण्याच्या सरावानेही अशा लोकांचा वाचनाचा वेग वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे.

वाचन बिघडण्याचे प्रकार अनेक आहेत आणि उपाय त्यावरून ठरतो, हे तुमच्यासारख्या इतर घरांसाठीही सांगायला हवं. काही जण मोठ्याने अगदी घडाघडा वाचतात आणि आपण काय वाचलं ते त्यांना कळत नाही. काही जण उलट, मोठ्याने वाचताना अडखळतात, पण मनातल्या मनात बरंच समजून घेतात. तुमच्या आई या दुसऱ्या गटात असण्याची शक्यता आहे. ते पाहायचं तर त्यांना वाचून दाखवायला लावू नका. चार चित्रं मांडा, शब्दाचं एक कार्ड द्या आणि कार्ड योग्य चित्रावर ठेवायला सांगा. बोलण्याचा अडथळा बाजूला झाला की वाचन किती शिल्लक आहे ते दिसतं, आणि घरच्यांना बहुधा आनंदाचा धक्का बसतो.

तिसरा एक प्रकार आहे, त्यात बोलणं आणि लिहिणं ठीक असतं, फक्त वाचन जातं. फ्रेंच डॉक्टर जूल देजेरीन यांनी 1892 मध्ये असा रुग्ण वर्णन केला होता, ज्याला स्वतः लिहिलेलंही वाचता येत नसे. आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे कॅनडाचे रहस्यकथाकार हॉवर्ड एन्गल. 2001 मध्ये एका सकाळी त्यांनी पेपर उचलला तर तो कुठल्यातरी परक्या लिपीत छापल्यासारखा दिसला. त्यांना स्ट्रोक झाला होता. लिहिता येत होतं, पण लिहिलेलं वाचता येत नव्हतं. त्यांनी हळूहळू अक्षरांचे आकार बोटाने आणि मग जिभेने दातांच्या मागच्या बाजूवर गिरवत ओळखायला सुरुवात केली, आणि त्या सावकाश वाचनाच्या बळावर पुढे नवी पुस्तकं लिहिली. डोळ्यांनी न ओळखलेलं अक्षर हाताच्या हालचालीतून ओळखू येतं, असा हा मार्ग आहे. जे एकेक अक्षर करत वाचतात त्यांना गिरवण्याचा उपयोग होतो. म्हणजे अक्षरांचा सराव वाईट नाही. तो कोणासाठी आहे हे आधी पाहावं लागतं.

आईंसाठी आता काय करायचं? सगळ्यात आधी त्यांना विचारा. पत्रात तुमचं मत आहे, भावाचं आहे, डॉक्टरांचं आहे. आईंना काय वाचायचं आहे ते कुठेच नाही. दोन-तीन शब्दांची वाक्यं येणाऱ्या माणसाला 'तुला काय वाचावंसं वाटतं?' असा उघडा प्रश्न जड जातो, म्हणून पर्याय समोर ठेवा. नातवंडांचे निरोप, पेपरचे मथळे, एखादी आवडती कविता, औषधांच्या पाकिटावरची सूचना, जुनी पत्रं. प्रत्येकाची वस्तू किंवा चित्र पुढे मांडा आणि त्यांना बोट ठेवू द्या. उत्तराची वाट पाहा, आपल्याला अवघडल्यासारखं वाटेल इतका वेळ वाट पाहा. 'तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, सांगताना अडतंय' हे वाक्य मोकळेपणाने म्हणा. वाचाघात झालेल्यांशी बोलणाऱ्यांना हे मुद्दाम शिकवलं जातं, कारण त्याने माणसाचा ताण उतरतो.

मग त्यांच्या आयुष्यातले वीस-पंचवीस शब्द निवडा. घरातल्यांची नावं, देवाण-घेवाणीत रोज लागणारे शब्द, आवडीच्या गोष्टी. मोठ्या, साध्या अक्षरात, एका कार्डावर एकच शब्द लिहा. अक्षरं सोडवायची नाहीत, पूर्ण शब्द पाहायचा. आधी तुम्ही म्हणा, मग दोघी मिळून म्हणा, मग त्यांना तो चार कार्डांतून शोधू द्या. पुन्हा 'नदी'ला 'पाणी' आलं तर 'चूक' म्हणू नका. 'हो, पाणी वाहतं ती... नदी' म्हणा आणि 'नदी' एकत्र म्हणा. त्यांचा अर्थ मान्य होतो आणि नेमका शब्दही मिळतो.

शब्दांबरोबरच वाक्यंही सुरू करा, सगळे शब्द पक्के होण्याची वाट पाहू नका. इथे मी तुम्हाला एकच पद्धत मनापासून सुचवेन, कारण ती घरच्या माणसाला जमते आणि वाचाघाताच्या उपचारात बरीच वर्षं वापरात आहे. तिचा गाभा आहे जोडीने मोठ्याने वाचणं. दोघी शेजारी बसा. प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवत तुम्ही वाक्य सावकाश वाचून दाखवा. तेच पुन्हा एकदा वाचा. मग दोघी एकत्र वाचा, या वेळी बोट त्यांचं. त्या नुसत्या गुणगुणल्या, काही शब्द सुटले, तरी थांबू नका. तुमचा आवाज पुढे चालू राहिला की त्याच्या आधाराने त्यांचा आवाज येतो. नंतर तुम्ही एखादा शब्द म्हणा आणि त्यांना तो वाक्यात दाखवू द्या. शेवटी पुन्हा एकदा पूर्ण वाक्य एकत्र. सुरुवातीला तीन ते पाच शब्दांची वाक्यं घ्या, ती जमली की आठ-दहा शब्दांची, मग दोन-तीन वाक्यांचा तुकडा, आणि काही महिन्यांनी पन्नास-शंभर शब्दांचा परिच्छेद. तोच मजकूर अनेक दिवस पुन्हा पुन्हा वाचायला हरकत नाही. पुन्हा वाचण्यानेच वेग आणि आत्मविश्वास येतो आणि त्याचा फायदा काही वेळा नव्या मजकुरालाही होतो.

मजकूर लिहिताना मराठीच्या एका स्वभावाकडे लक्ष ठेवा. आपले 'ला', 'ने', 'तून', 'साठी' शब्दाला चिकटून येतात. अशा वाचकांकडून शब्दाचा गाभा वाचला जातो आणि शेपूट गळतं. 'घरातून'चं 'घर' होतं. एरवी चालून जाईल, पण 'आईने मुलीला बोलावलं' आणि 'आईला मुलीने बोलावलं' यांत कोणी कोणाला बोलावलं हे सगळं त्या शेपटांवरच आहे. म्हणून सुरुवातीला अशी वाक्यं टाळा, आणि पुढे आणाल तेव्हा ती शेपटं वेगळ्या रंगात लिहा. जोडाक्षरांनी भरलेले शब्दही आरंभी कमी ठेवा. ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी यांची गल्लत झाली तर सोडून द्या. अर्थ कळला असेल तर तिथे अडून बसण्यात काहीच मिळत नाही.

पेपरचा उपयोग असा करा. सकाळी त्या वाचायला बसतील तेव्हा शेजारी बसून एका फोटोची बातमी दोन वाक्यांत सांगा. मग तिचा मथळा जोडीने वाचा. विषय आधी माहीत असला की मेंदूला अंदाज बांधता येतो आणि ओळखीचे शब्द लवकर सापडतात. एक मथळा पुरे. पेपरची अक्षरं फार लहान आणि दाट असतात. कार्डाच्या कागदाला एका ओळीएवढी खिडकी कापून ती मजकुरावरून सरकवली तर आजूबाजूची गर्दी झाकली जाते. इतर मजकूर तुम्हीच मोठ्या टाइपात, ओळींत भरपूर अंतर सोडून छापून द्या.

तासभर बसवणं मात्र बंद करा. स्ट्रोकनंतरचा थकवा आपल्या थकव्यासारखा नसतो, तो अचानक येतो आणि आला की भाषाच आधी कोसळते. संध्याकाळी तर त्या दिवसभराच्या दमलेल्या. पंधरा-वीस मिनिटं, सकाळी किंवा दुपारच्या झोपेनंतर, जमलं तर दिवसातून दोनदा. टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस. पाहुण्यांसमोर 'आई, हे वाच बरं' कधीही म्हणू नका. याबाबत मी ठाम आहे. जिने आयुष्यभर पुस्तकं वाचली तिला चारचौघांत अक्षरं विचारणं हा अपमान आहे, आणि तो त्यांना पूर्ण कळतो. पुस्तक ढकललं तेव्हा त्या बहुतेक हेच सांगत होत्या, बोलून सांगता येत नव्हतं म्हणून हाताने सांगितलं.

त्यांच्या रडण्याकडेही नीट पाहा. स्ट्रोकनंतर साधारण एक-तृतीयांश लोकांना नैराश्य येतं. वाचाघात असला की ते ओळखायला अवघड जातं, कारण माणूस 'मला उदास वाटतं' असं सांगू शकत नाही. झोप, भूक, माणसांत बसण्याची इच्छा बदलली आहे का ते टिपा आणि डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि मन सावरल्याशिवाय वाचनाचा सराव पुढे सरकत नाही. स्ट्रोकनंतर काहींचा हसण्या-रडण्यावरचा ताबाही सुटतो, दुःख नसतानाही रडू येतं. तो वेगळा प्रकार आहे आणि तोही डॉक्टरांना ओळखता येतो. आणि हे नीट लक्षात ठेवा, की येत असलेलं बोलणं किंवा वाचन एकाएकी गेलं, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, तर ती थकव्याची लक्षणं समजू नका. त्याच मिनिटाला रुग्णालयात न्या.

आता तुमच्याबद्दल थोडं. पत्रात तुम्ही रोजची शिकवणी लिहिली आहे, दोघींनी मिळून काही सुखाचं केल्याचं एकही वाक्य नाही. गेल्या दहा महिन्यांत तुम्ही मुलगी कमी आणि मास्तरीण जास्त झाला आहात. जोडीने वाचणं मला आवडतं ते यामुळेच. त्यात कोणी परीक्षा घेत नाही, दोघी एकाच बाजूला असता. तरीही एखाद्या दिवशी त्यांनी मान हलवून 'नको' म्हटलं तर तो दिवस सोडा. 'नको' म्हणण्याचा हक्क त्यांच्याकडे उरलेल्या थोड्या गोष्टींपैकी आहे. आणि शक्य असेल तर वाचाघात झालेल्यांचा गट शोधा किंवा थेरपिस्टना तसा जमवायला सांगा. काही ठिकाणी असे लोक एकच पुस्तक छोट्या सारांशांच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या आधाराने वाचून त्यावर गप्पा मारतात. तिथे अडखळणाऱ्याला कोणी घाई करत नाही.

राहिला तुमच्या भावाचा मुद्दा. ऐकणं की वाचणं, असं तुम्ही दोघांनी भांडण मांडलं आहे, त्याची गरज नाही. गोष्टींची भूक आजच भागायला हवी, वाचन सुधारेपर्यंत आईंनी उपाशी का राहावं? तेव्हा पुस्तकं ऐकू द्या, भरपूर ऐकू द्या. फक्त त्यातला थोडा भाग असा निवडा की कानांवर येणारे शब्द डोळ्यांसमोरही असतील. ऐकता ऐकता मजकुरावरून बोट फिरवणं ही वाचनाला चांगली मदत असते. बाजारातली ध्वनिमुद्रणं बहुधा फार वेगात असतात, आणि मशीनचा आवाज सगळ्यांना मानवत नाही. हे काम भावाकडे सोपवा. आईंनी निवडलेल्या पुस्तकातलं एकेक पान त्याने स्वतःच्या आवाजात, सावकाश, वाक्यागणिक थांबत फोनवर रेकॉर्ड करावं. तेच पान तुम्ही मोठ्या अक्षरात छापा. पहिलं पान कुठलं असावं, हे दोन-तीन पुस्तकं समोर ठेवून आईंना ठरवू द्या.